पित्याचे शेत आणि पित्याचे ऋण

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १, फिलिप्पैकरांस पत्र ३ : ४–८, रोमकरांस पत्र ९ : १–५.



इंग्रज लोकांस आपल्या राष्ट्रीयत्वाचा अभिमान वाटतो काय, असे धाडच्या बाजारात कोणी विचारले तर ऐकणारा हसेल. तो म्हणेल, ह्यात विचारावयाचे ते काय? एके काळी ज्यांचे राज्य पृथ्वीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर होते, त्यांस अभिमान वाटणार नाही तर कोणास वाटेल? तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नाही. आणि हा प्रश्न केवळ इंग्रजांचाही नाही. आमच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मनुष्यास आजही कोणी ना कोणी ऐकवितो की, तुमचा धर्म साहेबाचा, मग ह्या देशाचा अभिमान तुम्हांस कोठून असणार? हे ऐकून कोणी खाली मान घालतो. कोणी तावातावाने आपला देशाभिमान सिद्ध करावयास लागतो. ह्यांपैकी कोणताही मार्ग धरण्यापूर्वी अभिमान म्हणजे काय आणि देवाच्या वचनाने तो कसा तोलावा, ह्याचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम इंग्रजांकडे पाहू. आपण सरसकट ज्यांस इंग्रज म्हणतो ते एक लोक नव्हेत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार भाग मिळून ते राज्य झाले आहे. एडिंबरो येथील मनुष्यास तुम्ही इंग्रज म्हणाल तर त्यास राग येईल. मी स्कॉच आहे, असे तो सांगेल. २०१४ साली तर स्कॉटलंडने वेगळे व्हावे की नाही ह्यावर तेथे मतदान झाले, आणि शेकडा ४५ जणांनी वेगळे व्हावे असे मत दिले. म्हणजे आपले राष्ट्र कोणते, ह्याविषयीच त्यांच्यात एकमत नाही.

पूर्वजांच्या साम्राज्याविषयीही तसेच. २०१४ साली एका पाहणीत शेकडा ५९ जणांनी सांगितले की, ते साम्राज्य अभिमान बाळगण्याजोगे आहे. २०२० साली असे म्हणणारे शेकडा ३२ राहिले. दुसऱ्या एका पाहणीत आपल्या देशाच्या इतिहासाचा अभिमान आहे असे म्हणणारे २०१३ साली शेकडा ८६ होते, ते २०२३ साली शेकडा ६४ झाले. ह्यावरून तेथे मोठा वाद चालतो. कित्येक म्हणतात, ज्या लोकांस आपल्या बापजाद्यांचा अभिमान राहिला नाही ते लोक बुडाले. दुसरे म्हणतात, आजवर वहीची एकच बाजू वाचली, आता दुसरी बाजू वाचत आहोत. ह्यांत खरे कोणाचे? ह्याचे उत्तर शोधावयास आपणांस समुद्र ओलांडून जाण्याची गरज नाही.

धाडहून भोकरदनकडे निघाले म्हणजे वऱ्हाडची जुनी सीमा ओलांडून आपण पूर्वीच्या निजामाच्या मुलखात शिरतो. त्या बाजूस, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या मधल्या पट्टीत असई नावाचे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ह्या दिवशी तेथे दौलतराव शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले ह्यांच्या फौजेशी जनरल आर्थर वेल्स्ली ह्याची गाठ पडली. केळणेस उतार कोठे आहे हे त्यास ठाऊक नव्हते. परंतु समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली दिसताच त्याने ताडले की, येथे लोकांच्या जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. आणि तेथूनच त्याने सैन्य पार नेले. त्या दिवशी त्याचा जय झाला. शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा त्याच्या हाती आल्या. पण त्याच्या बाजूचे मेलेले व घायाळ दीड हजारांहून अधिक झाले. हाच वेल्स्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनाचा पाडाव केला. तरी उतारवयात, आपण केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारता, त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले, असे सांगतात.

तर मग असई हा इंग्रजांच्या अभिमानाचा विषय म्हणावा काय? थोडे जवळ जाऊन पाहा. त्या दिवशी वेल्स्लीजवळ गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी होत्या, त्या दोन्ही स्कॉच होत्या. बाकीचे बहुतेक पायदळ मद्रासकडील शिपायांचे होते. पेशव्यांच्या पक्षाचे मराठे स्वारही त्याच्याच बाजूस होते. इकडे शिंद्यांच्या कवायती पलटणींवर जो सरदार होता तो पोलमन नावाचा जर्मन! शिंद्यांचे गोलंदाज आपापल्या तोफांपाशी उभे राहून तेथेच पडले, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. जिंकणाऱ्या पलटणींस आपल्या निशाणावर हत्तीचे चिन्ह लावण्याचा मान मिळाला. तो असईचा हत्ती आज आपल्या भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे. आता सांगा, हा हत्ती कोणत्या राष्ट्राचा? स्कॉच म्हणेल माझा, मद्रासी शिपायाचा वंशज म्हणेल माझा. आणि ज्याच्या रानात ते रक्त सांडले त्या कुणब्यास कोणी विचारलेच नाही. त्याच सुमारास, १८०३–०४ साली, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्याच्या घरी तेव्हा जय आणि पराजय ह्यांत काही अंतर उरले नसेल.

आमच्या ह्या प्रांताचे तर धनीही किती बदलले! १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला आणि तो निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडला गेला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, १९४८ साली पलीकडचे निजामाचे राज्य भारतात विलीन झाले, १९५६ साली दोन्ही बाजू मुंबई राज्यात आल्या, आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत. रान तेच, भाषा तीच, सोयरीक तीच. वरचे नाव मात्र पालटत गेले. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. राष्ट्रीयत्व ही आपण कमाविलेली वस्तू नव्हे. जन्मास येताना कोणी आपणांस विचारले नव्हते की, तू टेम्स नदीकाठी जन्मणार की पैनगंगेच्या काठी? ते आपणांस मिळालेले आहे. जे मिळाले त्याविषयी कृतज्ञता शोभते. त्याविषयी बढाई शोभत नाही.

आपल्या मराठी भाषेत अभिमान हा शब्द मोठा फसवा आहे. लेकराने चांगले काम केले असता बापास वाटतो तोही अभिमान. आणि शेजाऱ्यास तुच्छ लेखून मनुष्य छाती फुगवितो तोही अभिमानच. पहिल्याचे मूळ प्रीतीत आहे, दुसऱ्याचे मूळ गर्वात आहे. दोघांस नाव एक असल्यामुळे दुसरा पहिल्याचे वस्त्र पांघरून घरात शिरतो. तेव्हा त्यांस ओळखावे कसे? ह्याची एक कसोटी आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्यास कळण्याजोगी आहे.

बाप मेल्यावर मुलगा तलाठ्याकडे जातो व शेत आपल्या नावे करून घेतो. सातबाराच्या उताऱ्यावर बँकेचा अगर सोसायटीचा बोजा असेल तर तोही शेताबरोबर त्याच्याकडे येतो. 'विहीर, बांध आणि आंब्याची झाडे माझी. कर्ज मात्र बापाचे, ते बापाबरोबर गेले,' असे तो म्हणू लागला तर गाव त्यास काय म्हणेल? लबाड म्हणेल. राष्ट्राचेही तसेच आहे. जो म्हणतो, 'असई आम्ही जिंकली, रेलगाडी आम्ही बांधली, कायदा आम्ही दिला,' पण पूर्वजांनी केलेल्या अन्यायाचे नाव निघताच म्हणतो, 'तेव्हा मी जन्मलोही नव्हतो,' तो शेत घेतो आणि ऋण टाकतो. जन्मला नव्हतास, तर मग असई तरी तू कशी जिंकलीस? जी प्रीती आहे ती दोन्ही घेते. जो गर्व आहे तो एकच घेतो.

इंग्रजांच्या इतिहासात ह्या ऋणाचे अक्षरशः एक उदाहरण आहे. विल्बरफोर्स आदिकरून ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या श्रमाने १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी उठविण्याचा कायदा केला. ह्याविषयी ते अभिमान बाळगतात, व तो सर्वस्वी अयोग्य आहे असे कोण म्हणेल? परंतु त्या वेळी २ कोटी पौंड भरपाई देण्यात आली, ती गुलामांच्या धन्यांस! ज्यांच्या पाठीवर कोरडे बसले त्यांस एक पैही मिळाली नाही. त्यासाठी सरकारने जे कर्ज काढले त्याची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे आजच्या इंग्रज मजुराने व दुकानदाराने भरलेल्या करातून ते जुने ऋण फिटत होते, आणि बहुतेकांस त्याचा पत्ताही नव्हता. 'तेव्हा मी जन्मलो नव्हतो' असे म्हटल्याने ऋण फिटत नाही, ह्याहून स्पष्ट दाखला कोणता पाहिजे?

दुसरे एक उदाहरण घ्या. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथे जालियनवाला बागेत जनरल डायर ह्याने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडविल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. पुढल्या वर्षी विलायतेतील एका वर्तमानपत्राने डायरसाठी वर्गणी उघडली, तेव्हा सुमारे २६,००० पौंड जमले. देणारे स्वतःस देशाभिमानी समजत होते. त्याला शंभर वर्षे झाल्यावर, २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात, इंग्लंडच्या मंडळीचे तेव्हाचे मुख्य धर्माध्यक्ष, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, त्या बागेत आले आणि स्मारकापुढे जमिनीवर पालथे पडले. आपण सरकारच्या वतीने बोलू शकत नाही. परंतु येथे जे झाले त्याची आपणांस लाज वाटते व दुःख होते, अशा अर्थाचे ते बोलले. वाचकहो, ह्या दोहोंत आपल्या राष्ट्रावर अधिक प्रीती कोणी केली? पैसे देणाऱ्यांनी, की धुळीत पडणाऱ्याने?

येथवर वाचून आपणांपैकी कित्येकांस बरे वाटले असेल. कारण दुसऱ्याची वही वाचणे सोपे असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा आपला जुना न्याय आहे. म्हणून आता आपल्याच वहीचे पान उलटू. ज्या रघूजी भोसल्यांचा नातू असईस हरला, त्या पहिल्या रघूजींच्या फौजा १७४२ पासून बंगाल्यावर चालून गेल्या. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी तेथील गावे लुटली व जाळली. मारले गेले ते बहुतेक गरीब विणकर आणि शेतकरी होते, आणि ते ह्याच देशाचे लोक होते. अखेर १७५१ साली नबाब अलिवर्दीखानाने वर्षास १२ लक्ष रुपये चौथाई कबूल केली व ओढिया प्रांत भोसल्यांकडे आला. बंगाली बायका आपल्या लेकरांस निजविताना 'बर्गी आले' अशी भीती घालीत, आणि तो बर्गी म्हणजे आमचा मराठा स्वार. आपण ज्यास पराक्रम म्हणून शिकलो, ती दुसऱ्याच्या घरी पाळण्याशेजारची भीती आहे. मग १८०३ साली ज्या देवगावच्या तहाने वऱ्हाड गेला, त्याच तहाने कटकही इंग्रजांनी घेतले. तलवारीने आलेले तलवारीने गेले.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, आपण आपल्या पूर्वजांचा तिरस्कार करावा. ज्या बुलढाणा जिल्ह्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात सिंदखेड राजा येथे जिजाबाईंचा जन्म झाला. त्या माउलीविषयी आदर वाटणे हे गोड आणि योग्य आहे. परंतु शेत घेतले तर बोजाही घ्या. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्यापूर्वी आपल्या डोळ्यातील मुसळाकडे पाहावे, अशा अर्थाचे प्रभूने सांगितले ते एकेकट्या मनुष्यास जसे लागू आहे, तसेच राष्ट्रांसही लागू आहे.

आता शास्त्रपाठाकडे या. नहेम्या हा पारसाच्या राजवाड्यात मोठ्या हुद्द्यावर होता. यरुशलेमेचा कोट पडला आहे हे ऐकताच तो खाली बसून रडला. मग त्याने प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत तो असे म्हणत नाही की, आमच्या पूर्वजांनी पाप केले, माझा त्यात काय दोष? तो आपल्या पित्याचे घराणे आणि आपण स्वतः, अशा दोघांचे पाप एका श्वासात कबूल करतो. ज्या नगरीचा त्याला एवढा कळवळा, तिचे ऋण त्याने आपल्या नावे करून घेतले. आणि नंतर तो रडत बसला नाही. तो उठला व कोट बांधावयास गेला. तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की, कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा कोट दुरुस्त केला. देशप्रीतीचा ह्याहून चांगला नमुना कोणता? आरोळी नाही, मिरवणूक नाही. आपल्या दारासमोरची पडकी भिंत प्रथम उभी करणे.

पौल प्रेषिताकडे पाहा. त्याला जन्माचा अभिमान बाळगण्यास थोडी का कारणे होती? तो इब्र्यांचा इब्री, बन्यामिनाच्या वंशातला. शिवाय जन्मतः रोमी नागरिक. यरुशलेमेच्या सरदाराने जे नागरिकत्व पुष्कळ पैसे देऊन विकत घेतले होते, ते पौलास जन्मानेच मिळाले होते. त्याने ते फेकून दिले नाही; फटके बसण्याची वेळ आली तेव्हा न्याय मिळावा म्हणून त्याचा उपयोग केला. परंतु देवासमोर उभे राहण्याचा आधार म्हणून त्याने त्यातले काहीच धरले नाही. ख्रिस्तासाठी ते सर्व त्याने हानी असे लेखिले. मग त्याची आपल्या लोकांवरील प्रीती आटली काय? रोमकरांस लिहिताना तो सांगतो की, आपल्या बांधवांचे तारण होत असेल तर स्वतः ख्रिस्तापासून अंतरण्याचीही त्याची तयारी आहे. ज्याने गर्व सोडला त्याचीच प्रीती एवढी वाढली. आणि प्रभू स्वतः यरुशलेमेस पाहून रडला. तिचे दोष त्याने झाकले नाहीत आणि तिला सोडलेही नाही.

अशा प्रीतीची माणसे दोन्ही देशांत झाली. सी. एफ. अँड्र्यूज १९०४ साली दिल्लीस शिक्षक होऊन आले. ते इंग्रज होते, आणि आपण इंग्रज आहोत हे त्यांनी कधी लपविले नाही; म्हणूनच इंग्रजी राज्यात फिजी बेटात हिंदी मजुरांचे जे हाल होत ते त्यांनी १९१५ साली स्वतः तेथे जाऊन पाहिले व आपल्याच लोकांपुढे मांडले. १९२० च्या आरंभी तेथील करारबंद मजुरांची सुटका झाली, त्यात त्यांच्या श्रमाचा मोठा वाटा होता. लोकांनी त्यांस दीनबंधू म्हटले. आमच्या इकडे नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. पण त्यांनी आपली भाषा, आपला अभंग, आपले कीर्तन सोडले नाही, आणि आपल्या देशावरचे प्रेमही सोडले नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते स्वतंत्रपणे सेवेस उभे राहिले. ख्रिस्ताचा होण्यासाठी साहेब व्हावे लागत नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, जगून दाखविले.

तेव्हा, बंधूंनो, 'तुम्हांस देशाचा अभिमान आहे काय' असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे? खाली मान घालू नका. ज्याची आई त्याच मातीत पुरली आहे त्याने मान का घालावी? ह्या देशाच्या राज्यघटनेने तुम्हांस नागरिक म्हटले आहे, आणि ते कोणाच्या मेहरबानीने नव्हे. पण आरोळीस आरोळीने उत्तरही देऊ नका. असे म्हणा : ह्या देशाचे शेत आम्ही घेतले आहे, आणि त्यावरचा बोजाही घेतला आहे.

हे म्हटल्यावर मात्र आपल्या दारासमोरची भिंत पाहावी लागेल. ह्या देशाच्या माथ्यावरचे सर्वांत जुने ऋण जातीचे आहे. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी तिचे चटके सोसले. तरीही प्रभुभोजनाच्या एका प्याल्यास ओठ लावणारे आपण, मुलीचे लग्न ठरविताना हळूच विचारतो की, ते पूर्वीचे कोणते? इंग्रजाचा गर्व आपणांस सातासमुद्रांपलीकडून दिसतो. हा आपल्या माजघरातला गर्व दिसत नाही. जो तो विटाळ अजून मनात जपतो, त्याने देशाभिमानाची गोष्ट न बोललेली बरी. ह्या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे : ज्या घरी आपण कधी जेवलो नाही त्या घरी जावे, आणि त्यांस आपल्या घरी बोलवावे. आपल्या कोटाचा तेवढा भाग तरी उभा राहील.

प्रार्थना : हे सर्व राष्ट्रांच्या पित्या, तू आम्हांस ज्या भूमीत जन्म दिलास तिजबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्या पूर्वजांचे चांगले ते आम्ही कृतज्ञतेने घ्यावे, त्यांचे वाईट ते आम्ही नम्रतेने कबूल करावे, आणि आमच्या लेकरांच्या माथ्यावर नवे ऋण ठेवू नये, अशी बुद्धी आम्हांस दे. ख्रिस्त येशूच्या नावाने. आमेन.